मैदानावरची तर्बियत : रहीमसाहेब आणि खिलाडूवृत्तीची परंपरा

तालीम आणि तर्बियत हे दोन शब्द आपल्या घरांतून नेहमी जोडीने उच्चारले जातात. तालीम म्हणजे शिक्षण, आणि तर्बियत म्हणजे त्या शिक्षणाला लागणारे वळण. मुलगा पाढे शिकला, इंग्रजी शिकला, पण वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे हे शिकला नाही, तर त्याला तालीम मिळाली पण तर्बियत मिळाली नाही असे आपण म्हणतो. वर्गाच्या बाबतीत आपण हे मान्य करतो. परंतु शाळेच्या मैदानाबद्दल विचार करताना मात्र हाच भेद आपण विसरतो. मैदानावर मुलगा किती जोरात धावतो, किती गोल करतो, किती धावा काढतो एवढेच आपण पाहतो. हरल्यावर तो कसा वागतो, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला तर काय बोलतो, आपल्यापेक्षा दुबळ्या खेळाडूला कसे वागवतो, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही.

खिलाडूवृत्ती ही काही जन्मतः मिळणारी देणगी नव्हे. ती शिकावी लागते आणि म्हणून ती कोणीतरी शिकवावी लागते. ती कोण शिकवतो? खेळांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर पुन्हापुन्हा एकच मिळते. ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाताखाली मूल खेळते, मग तो शाळेतला शिक्षक असो, संघाचा कप्तान असो, प्रशिक्षक असो की मोठा भाऊ असो, त्याच्या वागण्याची छाप त्या मुलाच्या वागण्यावर पडते. ही छाप चांगली पडते तशी वाईटही पडू शकते. या लेखात आपण दोन्ही प्रकारची उदाहरणे पाहणार आहोत. परंतु अधिक वेळ थांबणार आहोत तो एका शिक्षकापाशी, कारण त्याचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायलाच हवे.

कप्तानाची आज्ञा आणि एकवीस वर्षांचा तरुण

प्रथम १९३६ सालाकडे वळू. त्या वर्षी हिंदुस्थानचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. कप्तान होते विजयानगरमचे महाराजकुमार. त्यांना कप्तानपद मिळाले ते खेळाच्या बळावर नव्हे, तर पैसा आणि वजन यांच्या बळावर, असे त्या काळीही बोलले जाई. संघात गटबाजी माजली. लाला अमरनाथांसारख्या खेळाडूला दौऱ्याच्या मध्यातून मायदेशी परत पाठवण्यात आले. ज्या संघाचा प्रमुखच कान फुंकणाऱ्यांचे ऐकतो, त्या संघातील तरुणांना कोणते धडे मिळतात हे वेगळे सांगायला नको.

जुलै महिन्यात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कसोटी सामना झाला. सलामीला मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे सय्यद मुश्ताक अली होते. पहिल्या डावात मुश्ताक अली धावचीत झाले होते. दुसऱ्या डावाला निघताना कप्तानाने मुश्ताक अलींना बाजूला घेऊन मर्चंटना धावचीत करून टाकण्यास सुचवले, अशी हकीकत क्रिकेटच्या इतिहासात सांगितली जाते. मुश्ताक अली तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. संघातील स्थान कप्तानाच्या मर्जीवर अवलंबून होते. त्यांनी काय केले? मैदानात गेल्यावर त्यांनी ही गोष्ट सरळ मर्चंटनाच सांगून टाकली. दोघेही हसले आणि खेळायला लागले. त्या दोघांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. मुश्ताक अलींनी ११२ धावा काढल्या. परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. मर्चंट यांनी ११४ धावा काढल्या.

एवढे धैर्य त्या तरुणात कुठून आले? मुश्ताक अलींना लहानपणी इंदूरमध्ये हेरले आणि घडवले ते कर्नल सी. के. नायडू यांनी. नायडू अत्यंत कडक शिस्तीचे होते. मैदानावर कुरकुर, ढिलाई किंवा भित्रेपणा त्यांना खपत नसे. पहिला उस्ताद जर असा मिळाला असेल, तर पुढे एखाद्या वजनदार माणसाने वाकडी वाट दाखवली तरी पाय तिकडे वळत नाहीत. लहान वयातील तर्बियतीचे महत्त्व ते हेच.

शाळामास्तर रहीमसाहेब

आता फुटबॉलकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. हैदराबादमधील निरनिराळ्या शाळांत त्यांनी मुलांना शिकवले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. सारे लोक त्यांना 'रहीमसाहेब' म्हणत. १९४० नंतरच्या काळात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे ते प्रशिक्षक झाले.

या पोलीस संघाचे नाव मुंबईच्या जुन्या फुटबॉलप्रेमींच्या ओठांवर होते. कूपरेजच्या मैदानावर होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील मानाच्या स्पर्धांपैकी एक. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा या शतकाच्या आरंभी बंद पडली, ही खेदाची गोष्ट आहे. हैदराबादच्या पोलिसांनी हा चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. हे यश केवळ ताकदीचे नव्हते. या संघाचा खेळ पाहायला मुंबईकर गर्दी करत तो त्यातील नेटकेपणासाठी. चेंडू जमिनीलगत ठेवायचा, एकाने दुसऱ्याला द्यायचा, धसमुसळेपणा न करता जागा शोधायची, ही त्यांची रीत होती.

ही रीत कशी घडली हे समजून घेण्यासारखे आहे. रहीमसाहेब मूळचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी मैदानाचाही वर्ग केला. शिक्षक जसा निरनिराळ्या प्रकारची गणिते घालतो, तशा त्यांनी निरनिराळ्या नियमांच्या स्पर्धा भरवल्या. काही सामन्यांत खेळाडूने फक्त आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारायचा असा नियम असे. काही सामन्यांत एकट्याने चेंडू खेळवत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू मिळाला की तो सोबत्याला दिलाच पाहिजे. वरवर पाहता ही कौशल्याची तालीम होती. परंतु जरा खोलवर पाहा. कच्च्या पायाने खेळायला लावले की नामवंत खेळाडूही नवख्याच्या पातळीवर येतो, त्याचा गर्व उतरतो. चेंडू सोबत्याला द्यायलाच लावले की 'मी' जाऊन 'आपण' येतो. नम्रता आणि सहकार्य यांवर त्यांनी व्याख्यान दिले असते तर मुले कंटाळली असती. त्यांनी ते खेळाच्या नियमातच बसवून टाकले.

दुसरी गोष्ट त्यांच्या नजरेची. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत तुलसीदास बलराम नावाचा एक गरीब घरचा मुलगा खेळत असे. रहीमसाहेबांनी त्याला हेरले आणि सरावाला बोलावले. मुलाची अडचण अशी की हैदराबादपर्यंत येण्यासाठी सायकलचे भाडे देण्याचीही त्याची ऐपत नव्हती. तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्यासाठी त्याला रोज एक रुपया दिला, अशी आठवण बलराम स्वतः सांगत असत. हा मुलगा १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकला गेला आणि १९६० साली रोमला त्याने हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध गोल केले. २०२३ साली बलराम निवर्तले, तोवर भारताच्या श्रेष्ठ आघाडीपटूंत त्यांची गणना पक्की झाली होती. मुलाची जात कोणती, धर्म कोणता, बाप काय करतो, हे त्या शिक्षकाने पाहिले नाही. त्याने मुलाचे पाय पाहिले आणि त्याची गरज पाहिली.

हरण्याची शाळा

रहीमसाहेब भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा पराभव पत्करावा लागला. आपले बरेचसे खेळाडू थंडीत अनवाणी पायांनी खेळले होते. असा पराभव झाला की दोन वाटा असतात. एक वाट सबबींची. हवा वाईट होती, नशीब वाईट होते, पंच वाईट होता असे म्हणण्याची. दुसरी वाट शिकण्याची. भारतीय फुटबॉलने दुसरी वाट धरली. बूट घालून खेळण्याचा नियम झाला. रहीमसाहेबांनी युरोपातील, विशेषतः हंगेरीच्या संघाच्या खेळाचा अभ्यास केला आणि आपल्या संघाची रचना बदलली.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नला त्याचे फळ मिळाले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४–२ असे हरवले. त्यातील तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. तेथे पुन्हा युगोस्लाव्हियानेच हरवले, पण या वेळी ४–१ असे. आणि पहिला गोल भारताचा होता. १९६० साली रोमला हंगेरीकडून केवळ २–१ असा पराभव झाला आणि फ्रान्सबरोबर १–१ अशी बरोबरी साधली. दहा गोलांपासून येथवरचा हा प्रवास, पराभवाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहणाऱ्या माणसामुळे घडला.

रोमच्या या संघाविषयी एक गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हा त्या संघात होता. तो चांगला मध्यरक्षक होता. पण त्याला एकाही सामन्यात उतरवण्यात आले नाही. १९६२ च्या जकार्ता खेळांच्या संघात तर त्याचे नावच नव्हते. निवडीच्या जागी बाप बसलेला असताना मुलगा बाहेर राहतो, यासारखा न्यायाचा धडा संघातील इतर तरुणांना दुसरा कोणता मिळणार? आपल्याला वगळले तर ते खेळाच्या कसोटीवर वगळले असेल, हा विश्वास अशाने निर्माण होतो. आणि जेथे हा विश्वास असतो तेथे गटबाजी मूळ धरत नाही. १९३६ च्या संघाशी ताडून पाहा म्हणजे फरक समजेल. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आणि विशेष म्हणजे फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच झाले. निःपक्षपातीपणाचा पेशा त्यांनी निवडला, त्याचा पहिला पाठ त्यांना घरीच मिळाला होता असे म्हणावेसे वाटते.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

रहीमसाहेबांच्या शिकवणीची खरी परीक्षा जकार्ताच्या आशियाई खेळांत झाली. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. आशियाई खेळांच्या संघटनेतील ज्येष्ठ भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि या खेळांना आशियाई खेळ हे नाव असू नये असे मत मांडले. परिणामी स्थानिक जनमत भारताविरुद्ध खवळले. भारतीय वकिलातीवर जमावाने हल्ला केला. आपल्या खेळाडूंना बाहेर फिरणे अवघड झाले. फेट्यामुळे शीख खेळाडू लगेच ओळखू येत, म्हणून त्यांना बसमध्ये खाली बसून प्रवास करावा लागे, असे त्या संघातील मंडळींनी पुढे सांगितले आहे.

अशा वातावरणात संघाची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २–० असे हरवले. थायलंडविरुद्ध ४–१ असा विजय मिळाला, पण जर्नेलसिंग या खंद्या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. पुढे जपानला २–० असे नमवले. उपांत्य सामन्यात रहीमसाहेबांनी धाडस केले. टाके असलेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून आघाडीला खेळवले. भारताने दक्षिण व्हिएतनामला ३–२ असे हरवले आणि त्यात एक गोल जर्नेलसिंगचा होता.

अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि ते जवळजवळ सारे भारताच्या विरोधात ओरडत होते. आपले राष्ट्रगीत त्या गोंगाटात बुडून गेले. रहीमसाहेब स्वतः आजारी होते. त्यांच्या फुप्फुसांना कर्करोगाने ग्रासले होते. गोलरक्षक पीटर थंगराज नुकताच तापातून उठला होता, तरी त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. कप्तान चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी, जर्नेलसिंग, त्रिलोकसिंग, युसूफ खान, अरुण घोष, बलराम, गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले फोर्चुनातो फ्रँको, अशी ही मंडळी होती. हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती अशी सारी मुले एका शाळामास्तराच्या शब्दावर मैदानात उतरली.

एवढ्या द्वेषाच्या गर्जनेत तरुणांची डोकी भडकणे सोपे होते. प्रेक्षकांशी वाद घालावा, पंचावर धावून जावे, प्रतिस्पर्ध्याच्या पायावर राग काढावा, असे सारे घडू शकले असते. आपल्या मुलांनी डोके शांत ठेवून आपला खेळ केला. १७ व्या मिनिटाला प्रदीपकुमार यांनी आणि २० व्या मिनिटाला जर्नेलसिंगने गोल केला. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण भारताने २–१ असा विजय मिळवला. आशियाई खेळांतील फुटबॉलचे भारताचे ते दुसरे सुवर्णपदक होते, आणि त्यानंतर आजवर तिसरे मिळालेले नाही.

याच दिवसाची आणखी एक आठवण त्या खेळाडूंनी सांगितली आहे. त्या लाखभर विरोधी प्रेक्षकांत भारताला मोठ्याने प्रोत्साहन देणारा एक छोटासा गट होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. याच खेळांत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला हरवले होते. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या देशासाठी टाळ्या वाजवाव्यात, याहून खिलाडूवृत्ती वेगळी ती काय असते?

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. पुढे अनेक वर्षे नवीन पिढीला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे घराघरांत त्यांची चर्चा झाली. पण शिक्षकाचे खरे स्मारक म्हणजे त्याचे विद्यार्थी. १९७० साली बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने कांस्यपदक मिळवले, तेव्हा संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होते रहीमसाहेबांचेच शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी, आणि कप्तान होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. नईमुद्दीनही पुढे प्रशिक्षक झाले व १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो तो असा.

दोन कप्तान, दोन धडे

विद्यार्थ्यांनी तुलना करावी म्हणून आणखी दोन प्रसंग थोडक्यात देतो. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. इंग्लंडचे ५८ धावांत ५ गडी बाद झाले होते. पुढे यष्टीरक्षक बॉब टेलर यांना पंचांनी झेलबाद दिले. भारताचे कप्तान गुंडप्पा विश्वनाथ यांची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरना परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला.

जवळजवळ एका वर्षाने, १ फेब्रुवारी १९८१ रोजी, मेलबर्नला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना होता. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. कप्तान ग्रेग चॅपेल यांनी आपला धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. नियमांत तेव्हा मनाई नव्हती. ऑस्ट्रेलिया जिंकली, परंतु जगभर छीथू झाली. त्यांचा थोरला भाऊ इयान चॅपेल यानेही जाहीर निषेध केला आणि पुढे नियम बदलला गेला. आज्ञा थोरल्याची होती, पण तो डाग धाकट्याच्याही नावाला कायमचा चिकटला. ट्रेव्हर चॅपेलचे नाव निघाले की लोकांना तो एक चेंडूच आठवतो.

आज चाळीस वर्षांनंतर हिशेब केला तर काय दिसते? विश्वनाथ हरले, पण मुंबईतला तो प्रसंग लोक अभिमानाने सांगतात. चॅपेल बंधू जिंकले, पण त्या विजयाचे नाव काढायला कोणी धजत नाही.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

इतिहासाचा हा धांडोळा कशासाठी? आपल्या शाळांतून आता मैदाने आहेत, संघ आहेत, आंतरशालेय सामने आहेत. अशा वेळी प्रशिक्षक निवडताना संस्थांनी आणि त्याच्याकडून अपेक्षा ठेवताना पालकांनी एवढेच पाहावे: तो गरीब मुलाला सायकलचे भाडे देणारा आहे की बड्या बापाच्या मुलाला पुढे करणारा? हरल्यावर तो मुलांना शिकवतो की पंचाला शिव्या देतो? मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडणाऱ्या पालकांनाही हेच लागू आहे. रेफरीच्या नावाने बाप बोटे मोडत असेल, तर मुलाने उद्या वर्गातील मास्तरांचा मान ठेवावा ही अपेक्षा फोल आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी मुश्ताक अलींचे उदाहरण पुरेसे आहे. वडीलधाऱ्यांचा आदर करणे हे आपले संस्कार आहेत. परंतु सोबत्याला दगा द्यायला सांगणारा शब्द हा आज्ञा म्हणून पाळायचा नसतो, मग तो कोणाच्याही तोंडून येवो. चांगला उस्ताद मिळाला तर त्याचे ऋण माना. आणि उद्या तुमच्या हाताखाली लहान मुले खेळू लागतील, तेव्हा ती तुमच्याकडेच पाहत असतील, हे ध्यानात ठेवा.

चषक कपाटात राहतात आणि काळाने काळे पडतात. मैदानावर मिळालेली तर्बियत मात्र माणसाबरोबर घरी येते, कचेरीत जाते, बाजारात जाते. रहीमसाहेबांसारख्या शिक्षकांनी दिलेला हा वारसा आपल्या शाळांच्या मैदानांवर जोपासला जावो, हीच सदिच्छा.